देता हात मोकळा राहावा म्हणून

पोरी, कोर्लईत नांदायला येऊन तुला वर्ष होत आलं. पोर्तुगीज 1740 मध्ये चौल-कोर्लई सोडून गेले, पुढे किल्लाही ओस पडला; पण पायथ्याची आपली माणसं, माऊंट कार्मेल मातेची भक्ती आणि आपली पोर्तुगीज वळणाची बोली इथंच राहिली. एकमेकांना धरून राहिलो म्हणून राहिलो, असं मी मानते. तेव्हा चार गोष्टी ऐक, आणि नवऱ्यालाही ऐकव. त्याला गरज जास्त आहे.

1. सकाळी देवापाशी काही मागायच्या आधी आभार मान, आणि एकेका गोष्टीचं नाव घेऊन मान: विहिरीला पाणी आहे, सासूबाईंचा गुडघा आज दुखत नाही — मोघम आभार मानले की आपल्याला काय मिळालंय तेच ध्यानात राहत नाही.

2. पगार होवो की रेवदंड्याच्या बाजारात भाजी विकली जावो, देण्याचा वाटा आधी बाजूला काढ — उरेल ते देऊ म्हणणाऱ्याकडे कधी उरत नाही. देवळाच्या पेटीत दोन दमड्या टाकणारी ती विधवा येशूने शिष्यांना दाखवली. तिने किती टाकलं यापेक्षा घरी काय उरलं, हे त्याने पाहिलं.

3. शेजारून वाडग्यात कालवण आलं तर वाडगा रिकामा धाडू नकोस, चार आमसुलं का होईना घाल — भरला वाडगा वाट विसरत नाही.

4. जून-जुलैत दर्या बंद असतो, होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. तेव्हा कोणाच्या चुलीवर काय शिजतंय हे विचारू नये, ओळखावं. सोड्यांची बरणी उघड, वरचे मोठे सोडे निवडून कागदात बांध, तळचा चुरा आपल्या घरी ठेव, आणि 'चव बघून सांग गं' म्हणत हातात दे — घेणारीची मान खाली जाता कामा नये.

5. मोठं काही द्यायचं तर घरात विचारून दे. रेव्हरंड टिळक आपल्या कोकणातलेच, करजगावचे. त्यांच्या हाती पैसा टिकत नसे, आणि संसार ओढताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय तारांबळ उडे, ते बाईंच्याच 'स्मृतिचित्रे'त वाच. टिळकांबद्दल मला फार आदर आहे, तरी या बाबतीत मी लक्ष्मीबाईंच्या बाजूची — एकाच्या दानाची झळ दुसऱ्याने न विचारता का सोसावी?

6. भात कापून झाल्यावर बांधाकडेच्या लोंब्या वेचायला मागे फिरू नकोस — बायबलमधली रूथ आणि तिची सासू अशाच सोडलेल्या कणसांवर जगल्या.

7. घ्यायलाही शीक. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात आपल्या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरची छपरं उडाली. नेहमी देणारे हात त्या दिवसांत घ्यायला पुढे झाले, आणि काहींना ते फार जड गेलं. तशी वेळ आली तर संकोच करू नकोस, मात्र आभार मानायला आपल्या पायांनी परत जा — दहा कुष्ठरोगी बरे झाले, येशूकडे परत आला एकटाच, तोही परका शोमरोनी.

8. दिलेल्याचा हिशेब ठेवू नकोस, घेतल्याचा ठेव — दिलेलं मोजत बसलं की माणूस कडवट होतो.

9. कार्मेल मातेचा सण 16 जुलैला, भर पावसात. त्या दिवशी एक ताट जास्त वाढ, आणि ज्याच्याशी बोलणं तुटलंय त्यालाच बोलाव — क्षमा करायला पदरचा पैसा लागत नाही, तरी तीच देताना हात सगळ्यात आखडतो. तुझी मोठी जाऊ परसातल्या कुंपणावरून रुसून बसलीय ना, तिला आधी आमंत्रण दे. आणि हे मी सुचवलं, असं तिला सांगू नकोस.