‘गमशू’ शब्दाची कुळकथा

इंग्रजी गुप्तहेरकथांची आवड असणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस ‘गमशू’ हा शब्द कधीं ना कधीं भेटतोच. शब्दशः पाहतां त्याचा अर्थ ‘डिंकाचा जोडा’. आणि कथेंत तर तो गुप्त पोलिसास उद्देशून आलेला असतो! डिंकाचा व गुप्तहेराचा संबंध काय, हें आपण पाहूं.

झाडाचा चीक गोठवून रबर करितात. त्यानें पेन्सिलीच्या रेघा घासून पुसतां येतात, म्हणून इंग्रजींत त्यास ‘रबर’, म्हणजे ‘घासणारें’, असें नांव पडलें. अमेरिकेंत मात्र त्यास ‘गम’, म्हणजे डिंक, असेंही म्हणत. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होई व थंडींत कडक होऊन तडके. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन गृहस्थानें १८३९ सालीं गंधक व उष्णता यांच्या योगानें तें टिकाऊ करण्याची युक्ति शोधिली आणि १८४४ सालीं तिचें पेटंट घेतलें. पुढें चिखलपाण्यांत कातडी बुटांवरून घालावयाचे रबरी जोडे तिकडे प्रचारांत आले. तेच हे ‘गमशू’.

या जोड्यांचा गुण असा कीं, त्यांनीं पाऊल वाजत नाहीं. म्हणून मांजराच्या पावलांनीं चालणें या अर्थीं ‘गमशू’ हें क्रियापदही झालें. आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत साध्या वेषांतील गुप्त पोलिसास तेंच टोपणनांव मिळालें. आपल्या ‘गुप्तचर’ शब्दांतही ‘चर्’, म्हणजे चालणें, हाच धातु आहे. गुप्तपणें हिंडतो तो गुप्तचर. दोन दूरच्या समाजांनीं एकाच धंद्याचें नांव चालण्यावरून ठेविलें, ही मौज लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

परंतु न वाजणारें पाऊल चोराचेंही असतें. मग दोघांत भेद कोणता? खरा गुप्तहेर जें पाहतो तें त्यास न्यायासनापुढें उघडपणें मांडावें लागतें. तेथें त्याची उलटतपासणी होते, आणि आरोपीसही आपली बाजू सांगतां येते. अशा कथा वाचून कित्येक मुलें सोबत्यांच्या पाळतीवर राहतात व दिसलें न दिसलें तें चौघांच्या कानांत कुजबुजतात. त्यांनीं गुप्तहेराचा जोडा घेतला, पण त्याची जबाबदारी घेतली नाहीं. अशा कुजबुजीनें एखाद्या निरपराधी मुलाचें नांव कायमचें डागाळतें. घरीं वडील माणसें शेजाऱ्यांविषयीं असेंच बोलत असतील, तर मुलांस दोष कसा द्यावा?

बंधूचा अपराध दिसल्यास प्रथम एकट्यानें त्याच्याकडेच जाऊन त्यास सांगावें, असा प्रभु येशूचा उपदेश मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत आहे. विद्यार्थ्यांनो, सोबत्याविषयीं मनांत संशय आला तर आधीं त्याच्याच दाराशीं जा. तेथें जातांना पाऊल खुशाल वाजूं द्या.