वाळकी फांदी आणि तांबट

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा. दोघांनीही जन्मभर पक्षी पाहिले आणि त्यांच्यावर पुस्तके लिहिली. म्हणून बाईंनी प्रत्येकाला एका पक्ष्याची माहिती लिहायला सांगितली. मी तांबट निवडला, कारण तो मी नीट पाहिला आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत मी बोरिवलीला मामाकडे गेलो होतो. तिथे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे. मला वाटलं, उद्यान म्हणजे झोपाळे आणि घसरगुंडी असणार. पण ते खरंखुरं जंगल आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे. अलीकडे बोरिवली आणि पलीकडे मुलुंड व ठाणे. आत बिबटे राहतात. तुळशी तलावही तिथेच आहे. तो १८७९ साली बांधून झाला आणि त्याचे पाणी मुंबईकर पितात.

मामाने आधी परवानगी काढली होती. आम्ही सकाळी लवकर शिलोंडाच्या पायवाटेने निघालो. आमच्यासोबत वाट दाखवायला एक दादा होते. त्यांनी आम्हांला चार नियम सांगितले.

१) भडक कपडे घालू नयेत.
२) मोठ्याने बोलू नये. आधी कानांनी ऐकावे, मग डोळ्यांनी शोधावे.
३) घरट्याजवळ जाऊ नये.
४) पक्ष्याचा आकार, रंग, चोच आणि आवाज वहीत लिहावा.

वाटेत सातभाई, बुलबुल आणि कोतवाल दिसले. पुढे एक वाळकी फांदी दिसली. मी पटकन म्हणालो, "ही सरपणाला छान आहे!" सगळे हसले. दादा मात्र हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, "खालून बघ."

फांदीच्या खालच्या बाजूला गोल भोक होते, जणू गिरमिटाने पाडलेले. आम्ही गप्प उभे राहिलो. थोड्या वेळाने एक हिरवा पक्षी आला आणि आत शिरला. तोच तांबट.

तांबट चिमणीपेक्षा थोडा मोठा असतो. अंग हिरवे, कपाळ आणि छाती लाल, गळा पिवळा, चोच जाड. तो "टुक टुक टुक" असा ओरडतो. तांबट भांडे ठोकतो तसाच आवाज, म्हणून हे नाव पडले. वड, पिंपळ आणि उंबर यांची फळे तो खातो. त्याच्या विष्ठेतून बिया लांब पडतात आणि नवी झाडे उगवतात. नर आणि मादी दोघे मिळून चोचीने भोक कोरतात. वाळके लाकूड मऊ असते, म्हणून ते अशी फांदी निवडतात. भोक खालच्या बाजूला असल्यामुळे पाऊस आत जात नाही. पोपट, साळुंकी, दयाळ यांना असे भोक कोरता येत नाही. ते ढोलीत किंवा दुसऱ्याने कोरलेल्या भोकात राहतात.

घरी आल्यावर मी परसातला शेवगा पाहिला. त्याची एक फांदी वाळली आहे. दिवाळीआधी बाबा ती तोडणार होते. तिलाही खालून भोक होते! मी तीन दिवस संध्याकाळी बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी तांबट आत गेला. मी बाबांना हाताला धरून आणले. बाबा म्हणाले, "अरे, पण ती कौलांवर पडली तर?" आई म्हणाली, "आणि मी चूल कशावर पेटवू?"

दोघांचेही खरे होते. मग बाबांनी कौलांवर आलेला शेंडा तेवढा तोडला आणि भोकाचा भाग ठेवला. मी आईला दर रविवारी काटक्या गोळा करून आणून देतो. दोन रविवार विसरलो, तेव्हा बोलणी खाल्ली. पण तांबट अजून आहे.

वर्गमित्रांनो, पालकांनो, वाळकी फांदी तोडण्याआधी एकदा खालून वर बघा. गोल भोक दिसले, तर थोडे दिवस थांबा. आत कोणाचे तरी घर असेल.