बो नदीच्या कांठानें : पर्वतापासून मैदानापर्यंत एक दिवस

भूगोलाच्या पुस्तकांत पर्वत एका धड्यांत असतात, मैदानें दुसऱ्यांत असतात आणि शहरें तिसऱ्यांत. त्यामुळें पुष्कळ विद्यार्थ्यांची अशी समजूत होते कीं, या तीन निरनिराळ्या वस्तु असून त्यांचा एकमेकींशीं फारसा संबंध नाहीं. ही समजूत दूर होण्यास एका दिवसाचा प्रवास पुरेसा आहे. मात्र तो एखाद्या नदीच्या कांठानें झाला पाहिजे. कॅनडा देशांतील अल्बर्टा प्रांतांत अशी एक वाट आहे. सकाळीं हिमाच्छादित डोंगर पायीं चढावा, मोटारींत बसून नदीबरोबर खालीं उतरावें, आणि सायंकाळीं गवताळ मैदानांतील एका मोठ्या नगरांत फिरावयास जावें, हें सर्व तेथें एका दिवसांत साधतें. विद्यार्थीमित्रांनो, नकाशा पुढें घ्या. आज आपण त्याच वाटेनें जाऊं.

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागांत उत्तर-दक्षिण पसरलेली रॉकी पर्वताची रांग प्रथम शोधून काढा. या रांगेंत बो नांवाची हिमनदी आहे व तिच्या पायथ्याशीं त्याच नांवाचें सरोवर आहे. तेथून बो नदी निघते. तिच्या कांठच्या झाडांच्या लांकडापासून तेथील मूळ रहिवासी धनुष्यें करीत, म्हणून तिचें नांव धनुष्यावरून पडलें. सुमारें ५८७ किलोमीटर वाहिल्यावर ती ओल्डमन नदीस मिळते. पुढें त्यांचें पाणी सस्कॅचेवान नदीवाटें विनिपेग सरोवरांत आणि तेथून नेल्सन नदीवाटें हडसन उपसागरांत जातें. आपणांस जावयाचें आहे तें लुईज सरोवरापासून कॅल्गरी शहरापर्यंत. हें अंतर सुमारें १८० किलोमीटर असून, हमरस्ता बहुतेक सर्व वाटेंत नदीची संगत सोडीत नाहीं. न थांबतां गेल्यास दोन तास पुरतात. परंतु जून महिन्यांत तिकडे सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो. तेव्हां घाई करण्याचें कारण नाहीं.

सकाळ : सरोवर आणि हिमनदी

लुईज सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारें १,७३० मीटर उंचीवर आहे. व्हिक्टोरिया राणीची कन्या लुईज कॅरोलिन अल्बर्टा हिच्या नांवावरून सरोवरास लुईज व प्रांतास अल्बर्टा हीं नांवें मिळालीं. परंतु त्यापूर्वीं सरोवर निनांवी होतें असें समजूं नये. स्टोनी नाकोडा नांवाचे तेथील मूळ रहिवासी त्यास ‘लहान माशांचें सरोवर’ म्हणत असत.

या सरोवराचें पाणी पाहून प्रत्येकास आश्चर्य वाटतें. शाळेच्या प्रयोगशाळेंत मोरचूद पाण्यांत विरघळविला म्हणजे जो रंग दिसतो, त्यास थोडी हिरवी झांक दिली असतां या पाण्याची कल्पना येईल. याचें कारण असें. हिमनदी ही गोठलेली असली तरी स्थिर नसते. आपल्याच भारानें ती उतारावरून अत्यंत मंद गतीनें सरकते, आणि सरकतांना तळचा खडक जात्याप्रमाणें भरडते. त्या दगडाचें पीठ इतकें बारीक असतें कीं, तें लवकर तळाशीं न बसतां पाण्यांत तरंगत राहतें. त्या कणांवर सूर्यप्रकाश पडला म्हणजे निळा व हिरवा रंग विशेषेंकरून आपल्या डोळ्यांकडे परत येतो. म्हणजे ज्या सौंदर्यासाठीं लोक दुरून येतात, तें एका दळणाचें फळ आहे.

सरोवराच्या कांठावरून एक पाऊलवाट सूचीपर्णी वृक्षांच्या रानांतून ॲग्नेस नांवाच्या लहान सरोवराकडे जाते. अंतर साडेतीन किलोमीटर व चढ सुमारें ४०० मीटर आहे. वर एक चहाचें घर असून तें मूळचें १९०१ सालीं रेल्वे कंपनीनें बांधलेलें होतें. या रानांत अस्वलें आहेत. म्हणून चारचौघांनीं मिळून, मोठ्यानें बोलत चालावें असा तेथील सल्ला आहे. कारण अस्वल बहुधा मनुष्यास टाळतें, पण तें अकस्मात् समोर आलें म्हणजे घाबरून अंगावर धांवण्याचा संभव असतो. अस्वल दिसल्यास १०० मीटर व हरणाच्या जातीचीं जनावरें दिसल्यास ३० मीटर दूर राहावें असा दंडक आहे. छायाचित्र घेण्याच्या मोहानें जवळ जाणें हें धैर्य नव्हे.

सरोवराच्या मागें ३,४६४ मीटर उंचीचें व्हिक्टोरिया शिखर उभें आहे. या शिखराच्या कण्यावर पडलेले बर्फाचे दोन कण शेजारी शेजारी असले, तरी जो पश्चिमेस वितळेल तो प्रशांत महासागरास मिळतो, व जो पूर्वेस वितळेल तो बो नदींतून हडसन उपसागराकडे जातो. यास जलविभाजक म्हणतात. व्याख्या पाठ करण्यापेक्षां तो डोळ्यांनीं पाहिला असतां कायमचा लक्षांत राहतो.

मध्यान्ह : बॅन्फची खोरी

डोंगर उतरून मोटार पूर्वेस निघाली कीं, रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उंच कुंपण दिसूं लागतें, आणि मधून मधून रस्त्यावर झाडें व गवत लावलेले रुंद पूल येतात. हे पूल मनुष्यांसाठीं नाहींत. अस्वलें, लांडगे, हरणें यांना रस्ता ओलांडतां यावा म्हणून ते बांधले आहेत. बॅन्फ राष्ट्रीय उद्यानांत असे सहा पूल व अडतीस भुयारी मार्ग आहेत. कुंपण व मार्ग यांच्या योगानें जनावरें व मोटारी यांच्या टकरी ऐंशी टक्क्यांहून अधिक कमी झाल्या. रस्ता बांधणाऱ्यानें रस्त्याच्या मूळच्या मालकांचीहि सोय पाहिली, तर दोघांचेंहि कल्याण होतें.

बॅन्फ येथें १८८३ सालीं रेल्वेच्या कामगारांना एका गुहेंत उन्हाळीं, म्हणजे उष्ण पाण्याचे झरे, आढळले. मूळ रहिवाशांना ते पूर्वींपासूनच ठाऊक होते. झऱ्यांच्या मालकीविषयीं तंटे उत्पन्न झाल्यामुळें सरकारनें १८८५ सालीं ती जागा राखून ठेविली. १८८७ सालीं तिचा विस्तार होऊन कॅनडाचें पहिलें राष्ट्रीय उद्यान झालें.

गांवावर मान उंच करून उभा असलेला तिरपा पर्वत म्हणजे रंडल पर्वत. रॉबर्ट रंडल हा मेथडिस्ट मिशनरी १८४० ते १८४८ या काळांत या मुलुखांत हिंडत असे. त्याचें नांव या पर्वतास मिळालें. त्याच्या हातीं एक नवी लिपि होती. ती जेम्स इव्हान्स या मिशनऱ्यानें विनिपेग सरोवराच्या उत्तरेस, नॉर्वे हाउस येथें, १८४० च्या सुमारास क्री भाषेसाठीं छापण्यास आरंभ केला. बो नदीचें पाणी याच गांवावरून समुद्राकडे जातें. या लिपींत एकेका व्यंजनास एक आकृति असते आणि ती आकृति फिरविली म्हणजे स्वर बदलतो. आपल्या बाराखडीशीं हिचें नातें आहे. इव्हान्सनें ती रचतांना लघुलिपीप्रमाणेंच देवनागरीचाहि आधार घेतला असावा, असें विद्वान मानतात. क्री लोकांच्या परंपरेंत मात्र या लिपीच्या उगमाची स्वतंत्र कथा आहे.

तिसरा प्रहर : पर्वताचा उंबरठा

पर्वत संपतां संपतां डाव्या हातास यामनुस्का नांवाचा उभा कडा लागतो. भूस्तरशास्त्राचा सामान्य नियम असा कीं, जुना थर खालीं व नवा थर वर. येथें तो उलटलेला आहे. कड्याचा चुनखडीचा दगड सुमारें ५० कोटि वर्षांपूर्वींच्या समुद्रांत तयार झाला. त्याच्या खालचा खडक मात्र सुमारें ८ कोटि वर्षांचा, म्हणजे पुष्कळच तरुण आहे. भूपृष्ठावर पश्चिमेकडून प्रचंड दाब आल्यामुळें जुने थर तुटून नव्या थरांवर चढून बसले, आणि अशाच रीतीनें रॉकी पर्वत उभा राहिला.

कड्यापलीकडे आकाश एकाएकीं मोठें होतें व गवताळ टेंकड्या सुरू होतात. येथेंच नदीकांठीं मॉर्ली हें स्टोनी नाकोडा लोकांचें गांव आहे. जॉर्ज व जॉन मॅक्डूगल या पितापुत्रांनीं १८७३ सालीं येथें मेथडिस्ट मिशन स्थापिलें व १८७५ सालीं लांकडी प्रार्थनामंदिर बांधलें. मिशनच्या शाळेंत शिकणाऱ्या आपणांस या ठिकाणीं क्षणभर थांबणें प्राप्त आहे. रंडलच्या काळीं मिशनऱ्यांनीं मूळ रहिवाशांच्या भाषांत पुस्तकें दिलीं. पुढें मात्र सरकारच्या पैशानें व ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्यवस्थेखालीं देशभर वसतिगृह-शाळा निघाल्या. त्यांत मुलांना आईबापांपासून दूर ठेवण्यांत आलें, आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल शिक्षा होऊं लागली. मॉर्ली येथेंहि अशी शाळा होती. दीड लाखांहून अधिक मुलें या शाळांतून गेलीं. हजारों घरीं परत आलींच नाहींत. युनायटेड चर्च ऑफ कॅनडा या मंडळीनें १९९८ सालीं व पंतप्रधानांनीं २००८ सालीं पार्लमेंटांत याबद्दल क्षमा मागितली. ज्या शाळेच्या वार्षिकांत मराठी विभाग आहे, तिच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस या दुःखाचें मर्म अधिक उलगडून सांगावयास नको. विद्या देणाऱ्यानें विद्यार्थ्याची मातृभाषा हिरावून घेतली, तर दिलेल्या विद्येपेक्षां घेतलेलें धन मोठें ठरतें.

याच मैदानांत एके काळीं गव्यांसारख्या रानटी बायसनांचे अफाट कळप चरत असत. शिकारीमुळें ते १८७९ च्या सुमारास कॅनडाच्या मैदानांतून जवळ जवळ नाहींसे झाले, आणि त्यांवर जगणाऱ्या लोकांची अन्नान्नदशा झाली. १८७७ सालीं ब्लॅकफूट, स्टोनी नाकोडा इत्यादि लोकांशीं सातवा तह झाला तो या संकटाच्या छायेंत. बॅन्फच्या खोऱ्यांत २०१७ सालीं बायसन पुन्हा आणून सोडण्यांत आले.

मैदान गवताळ कां, याचें उत्तरहि मागें राहिलेल्या पर्वतांत आहे. सह्याद्रि ओलांडतांना पाऊस महाबळेश्वरास पडतो व माणदेश कोरडा राहतो. तसाच न्याय येथें आहे. प्रशांत महासागरावरील ओला वारा पश्चिम उतारावर आपलें पाणी टाकतो. ओली हवा चढतांना दर हजार मीटरांस सुमारें ६ अंश थंड होते. परंतु कोरडी झालेली हवा उतरतांना तितक्याच अंतरांत सुमारें १० अंश तापते. समजा, १० अंशांची हवा २,००० मीटर चढली. शिखरावर ती उणे २ अंश होईल. तीच पलीकडे १,५०० मीटर उतरली, तर १३ अंश होईल. म्हणजे खालीं कमी उतरूनहि ती निघाली त्यापेक्षां उष्ण झाली. यासच चिनूक वारा म्हणतात. ऐन हिंवाळ्यांत तो सुटला म्हणजे कॅल्गरीचें बर्फ थोड्या तासांत वितळूं लागतें.

सायंकाळ : नगर

कॅल्गरी सुमारें १,०४५ मीटर उंचीवर, बो व एल्बो या नद्यांच्या संगमावर वसलें आहे. एल्बो म्हणजे कोंपर, आणि ब्लॅकफूट भाषेंतील या जागेच्या नांवाचा अर्थहि तोच आहे. १८७५ सालीं घोडेस्वार पोलिसांनीं संगमावर किल्ला बांधला, १८८३ सालीं आगगाडी आली, व १८९४ सालीं गांवास नगराचा दर्जा मिळाला. २०२१ च्या शिरगणतींत येथील वस्ती १३,०६,७८४ भरली. पशुपालन, आगगाडी व खनिज तेल या तिहींनीं हें नगर वाढविलें. १९१२ सालीं सुरू झालेली घोडेस्वारांच्या खेळांची जत्रा अद्यापि भरते. १९८८ च्या हिंवाळी ऑलिंपिक सामन्यांचें यजमानपणहि याच नगरानें केलें.

प्रथम कॅल्गरी मनोऱ्यावर जावें. हा १९१ मीटर उंच असून १९६८ सालीं खुला झाला. वरून पश्चिमेस पाहिलें असतां, हवा स्वच्छ असल्यास, सकाळच्या पर्वतांची रांग क्षितिजावर दिसते. पूर्वेस मैदानास अंत दिसत नाहीं. इमारतींना जोडणारे कांचेचे बंदिस्त पूलहि पाहण्याजोगे आहेत. ते जमिनीपासून सुमारें पंधरा फूट उंच असल्यामुळें त्यांच्या नांवांतहि पंधराचा आंकडा आहे. कडक थंडींत लोक बाहेर न पडतां त्यांतून कामास जातात. शेवटीं सांतियागो कालात्रावा या स्थापत्यविशारदानें योजिलेल्या, २०१२ सालीं पादचाऱ्यांस खुल्या झालेल्या तांबड्या शांतिपुलावर यावें. खालून जाणारें पाणी सकाळीं आपण वर पाहिलेल्या हिमाचेंच भाऊबंद आहे.

या नात्याचा विसर पडूं नये म्हणून नदी अधून मधून आठवण देते. जून २०१३ मध्यें पर्वतांत न वितळलेल्या बर्फावर मुसळधार पाऊस पडला. दोन दिवसांत बो व एल्बो नद्या नगरांत शिरल्या, आणि अल्बर्टांत एक लाखाहून अधिक लोकांना घरें सोडावीं लागलीं. उलट बाजूनें तुटवड्याचीहि चिंता आहे. नदीचें बहुतेक पाणी हिंवाळ्यांत सांठलेल्या बर्फाचें असतें. पण उन्हाळ्याच्या अखेरीस, तें बर्फ संपल्यावर, हिमनद्या तिला आधार देतात. त्या हिमनद्या जगाच्या वाढत्या उष्णतेनें मागें हटत आहेत. नदीच्या पाण्याची वांटणी इतकी पुरी झाली आहे कीं, २००६ सालापासून बो नदीच्या खोऱ्यांत पाणी उचलण्याचे नवे परवाने देणें सरकारनें बंद केलें. डोंगरावर कोणी राहत नाहीं म्हणून तेथें काय होतें याची नगरास पर्वा नाहीं, असें म्हणण्याची सोय उरलेली नाहीं.

तात्पर्य, पर्वत, मैदान व नगर हीं एकाच घराचीं दालनें आहेत, व नदी ही त्यांमधील वाट आहे. हें शिकण्यास प्रत्येकानें कॅनडास जावें असें नाहीं. येत्या सुटींत आपल्या गांवची नदी किंवा ओढा घ्यावा. तिचा उगम कोठें, तिच्या वरच्या अंगास रान आहे कीं तोडलें गेलें आहे, वाटेंत कोणकोणतीं गांवें तिचें पाणी पितात व कोणकोणतीं तिच्यांत घाण सोडतात, तिच्या कांठीं पूर्वीं कोण राहत व तिला कोणत्या नांवानें हांक मारीत, हें वडील मंडळींस विचारून वहींत लिहून काढावें आणि जेथवर जातां येईल तेथवर घरच्यांबरोबर पायीं जावें. असा एक दिवस भूगोलाच्या अनेक धड्यांचें काम करील.