टीबी एक, मग चिठ्ठ्या वेगळ्या का?

प्रश्न : माझ्या मेहुण्यांना फुफ्फुसाचा टीबी झाला. एका डॉक्टरांनी चार औषधं लिहिली, दुसऱ्यांनी त्यातली दोन काढून वेगळीच घातली. टीबीचं औषध ठरलेलं नसतं का?

उत्तर : ठरलेलं असतं. नेहमीच्या औषधांना दाद देणाऱ्या टीबीत पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथाम्ब्युटॉल. पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन. गोळ्या किती, हे वजनावर.

चार कशाला? शरीरातल्या कोट्यवधी जंतूंमध्ये एखाद्या औषधाला न जुमानणारे थोडे मुळातच असतात. एकट्या औषधाने बाकीचे मरतात, हे उरतात आणि फोफावतात. म्हणूनच गुण येत नसताना चालू औषधांत नवं एकच घालून पाहणं ही सर्वांत वाईट चूक. चिठ्ठीत ती फार निरुपद्रवी दिसते!

नियम इतका सरळ असूनही १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मुंबईतल्या १०० खासगी डॉक्टरांनी ८० तऱ्हांचे उपचार सांगितले होते. २०१० च्या पाहणीत धारावी परिसरातल्या १०६ डॉक्टरांच्या ६३ तऱ्हा निघाल्या. बिनचूक चिठ्ठी फक्त सहा जणांची.

सगळा दोष डॉक्टरांचाच, असं मात्र नाही. सरकारी कार्यक्रमात बरीच वर्षं आठवड्यातून तीनदा औषध देत, खासगीत बहुधा रोज. २०१७ मध्ये सरकारनेही देशभर रोजचीच पद्धत घेतली. म्हणजे त्या बाबतीत नियम मोडणारेच बरोबर निघाले. शिवाय यकृत दुखावलं असेल, तपासणीत जंतू रिफाम्पिसिनला दाद देत नसेल, टीबी मेंदूत किंवा हाडात असेल, तर औषधं किंवा मुदत बदलावीच लागते.

‘महागडं औषध म्हणजे जालीम’ हा समज मात्र सोडा. साध्या खोकल्यावर सर्रास दिलेल्या लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी टीबी तात्पुरता दबतो आणि निदान लांबतं.

दुसऱ्या डॉक्टरांना एवढंच विचारा : औषधं का बदलली, आणि रिफाम्पिसिनची तपासणी झाली आहे का? कारण सांगता आलं नाही, तर जवळच्या सरकारी क्षयरोग केंद्रात दोन्ही चिठ्ठ्या दाखवा. तिथली औषधं मोफत असतात आणि हलक्या प्रतीची मुळीच नसतात. तोवर मेहुण्यांनी मनाने कुठलीही गोळी बंद करू नये.