कार्यकारणभावाची पारख : सदोष युक्तिवाद कसा ओळखावा?

संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा पूर्वपरीक्षेत २०११ पासून दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तार्किक युक्तिवाद व विश्लेषणक्षमता यांवर प्रश्न विचारले जातात. २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती असली, तरी तीत किमान ३३ टक्के गुण मिळवावेच लागतात. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून त्यांपैकी एक दुसरीचे कारण ठरवणारी विधाने अशा प्रश्नांत विद्यार्थ्यांना हमखास चकवतात. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' ही म्हण याच दोषावर बोट ठेवते.

एक नमुना प्रश्न

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत (जुलै २०१७ ते जून २०१८) मागील पंधरा दिवसांत आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण देशात सुमारे ७.५ टक्के आढळले. केरळात ते याच्या सुमारे तिप्पट होते. आता पुढील युक्तिवाद पाहा :

'केरळात आरोग्यसुविधा इतर बहुतेक राज्यांपेक्षा चांगल्या आहेत. तरीही तेथे आजारी असल्याचे सांगणारे अधिक आहेत. म्हणून आरोग्यसुविधांवरील खर्चाने लोकांचे आरोग्य सुधारत नाही.'

पुढीलपैकी कोणते विधान हा युक्तिवाद सर्वाधिक दुर्बल करते?

(अ) केरळात साक्षरतेचे प्रमाण अधिक आहे.
(ब) दवाखाना जवळ असला व लोक शिक्षित असले, की तीच तक्रार आजार म्हणून सांगितली जाण्याची शक्यता वाढते.
(क) केरळातील अनेक परिचारिका परदेशी नोकरी करतात.
(ड) इतर राज्येही आरोग्यावरील खर्च वाढवत आहेत.

विश्लेषण

प्रथम निष्कर्ष वेगळा काढावा आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे शोधावे. येथे 'सांगितलेला आजार म्हणजेच प्रत्यक्ष आजार' हे न सांगितलेले गृहीतक आहे. (ब) नेमका त्यावरच आघात करते. म्हणून तेच उत्तर. (अ) खरे आहे; परंतु साक्षरतेचा आजाराच्या नोंदीशी असलेला संबंध ते सांगत नाही. विधान सत्य असणे आणि ते प्रस्तुत असणे या भिन्न बाबी आहेत. (क) व (ड) यांचा निष्कर्षाशी संबंध नाही.

पर्याय वेगळे असते, तर आणखी दोन शक्यता तपासाव्या लागल्या असत्या. पहिली, तिसरा घटक : २०११ च्या जनगणनेनुसार केरळात साठ वर्षांवरील लोक १२.६ टक्के, तर देशात ८.६ टक्के होते. उतारवयात आजार वाढतातच. दुसरी, उलटा कार्यकारणभाव : जेथे रुग्ण अधिक, तेथे दवाखाने अधिक उघडले गेले असतील.

दुसऱ्या टोकाची चूक

लोकांच्या सांगण्यावर अवलंबून नसलेले निर्देशांक वेगळे चित्र दाखवतात. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०१८ मध्ये दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ७, तर देशात ३२ होते. २०१४-१८ या काळात सरासरी आयुर्मान अनुक्रमे ७५.३ व ६९.४ वर्षे होते. मात्र यावरून 'हे सर्व केवळ आरोग्यखर्चामुळे घडले' असे म्हणणे हीदेखील तीच चूक ठरेल. स्त्रीशिक्षणासारखे घटकही येथे कार्यरत आहेत. युक्तिवाद दुर्बल होणे म्हणजे त्याच्या विरुद्ध निष्कर्ष सिद्ध होणे नव्हे.

थोडक्यात, प्रत्येक वेळी चार प्रश्न विचारावेत : मोजले काय? तिसरा घटक आहे का? दिशा उलटी असू शकते का? हा निव्वळ योगायोग तर नाही? या सवयीचा उपयोग परीक्षेपुरता मर्यादित नाही. ज्या जिल्ह्यात दवाखानाच नाही, तेथे आजारांची नोंदही कमी होते. उद्या प्रशासनात गेल्यावर ती कमी नोंद पाहून आपण त्या जिल्ह्याला निरोगी ठरवले, तर ज्याला निधीची सर्वाधिक गरज आहे, नेमका तोच वंचित राहील.