डिझेल इंजिनासाठी वंगण तेलाची निवड : ट्रॅक्टर, हार्वेस्टर आणि मालवाहू ट्रक

प्रास्ताविक

जबलपूरच्या छावणी भागातील सदर व त्याच्या आसपासच्या रस्त्यांवर डिझेल इंजिनांच्या अनेक पिढ्या एकाच वेळी दृष्टीस पडतात. लष्कराचे ट्रक, नर्मदाकाठच्या गावांतून धान्य व मटार घेऊन येणारे ट्रॅक्टर आणि नागपूरच्या दिशेने माल नेणारे नवे मालवाहू ट्रक ही सर्व वाहने डिझेलवरच चालतात. तथापि त्यांच्या इंजिनांची रचना, वय व कामाचे स्वरूप भिन्न असल्याने या सर्वांना एकच वंगण तेल चालेल, असे मानता येत नाही. व्यवहारात मात्र तेलाची निवड पुष्कळदा डब्याची किंमत, ओळखीच्या मेकॅनिकचा शब्द किंवा ‘तेल जितके दाट तितके चांगले’ या समजुतीवर होते.

या समजुतीची किंमत हंगामात मोजावी लागते. गव्हाच्या काढणीच्या दिवसांत हार्वेस्टरचे इंजिन बंद पडले, तर एका शेतकऱ्याचे नव्हे, तर रांगेतील सर्वांचे पीक उभे राहते. मार्च-एप्रिलमधील अवकाळी पाऊस व गारपीट कोणासाठी थांबत नाही. पंजाबातून येणारी भाडेतत्त्वावरील कापणी यंत्रे तेथील गहू पक्व होताच परत फिरतात. त्यामुळे वाया गेलेला आठवडा भरून निघत नाही. तेलाची योग्य निवड हा म्हणूनच यंत्रमालकाइतकाच पीक घेणाऱ्याच्याही हिताचा विषय आहे.

तेलाची कार्ये

घर्षण कमी करणे हे वंगण तेलाचे एक कार्य झाले. याखेरीज ते पिस्टनची उष्णता वाहून नेते, रिंग व लायनर यांमधील फट बंद ठेवते, गंज रोखते, इंधनातील गंधकापासून बनणाऱ्या आम्लाचे उदासिनीकरण करते आणि ज्वलनातून येणारी काजळी आपल्यात विखरून धरते. ही कार्ये केवळ मूळ तेलाने होत नाहीत. त्यात मिसळलेल्या पूरक रसायनांमुळे होतात. तेल ‘संपते’ म्हणजे बहुधा ही रसायने खर्ची पडतात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. डिझेल इंजिनात नवे तेल काही तासांतच काळे पडते. तेल निकृष्ट असल्याचे हे लक्षण नव्हे. काजळी भागांवर साचू न देता ती तेलाने उचलून धरल्याचे ते चिन्ह आहे. रंगावरून तेलाची पारख करणे व्यर्थ आहे.

पहिली कसोटी : श्यानता

डब्यावरील ‘एसएई १५डब्ल्यू-४०’ हा निर्देश तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा दर्शवितो. ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्यापूर्वीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो. १५डब्ल्यू श्रेणीचे तेल उणे २० अंश सेल्सिअस तापमानालाही इंजिन फिरू देईल इतके पातळ असावे लागते. नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा सांगतो. ४० श्रेणीच्या तेलाची श्यानता १०० अंश सेल्सिअसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्स, तर ५० श्रेणीच्या तेलाची १६.३ ते २१.९ सेंटिस्टोक्स या मर्यादेत असते.

बहुश्रेणी तेलाचे महत्त्व जबलपूरच्याच उदाहरणाने स्पष्ट होते. जर्मनीच्या ‘मान’ कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रकची निर्मिती १९५९ मध्ये येथील गन कॅरेज फॅक्टरीत सुरू झाली व पुढे ती १९६९ मध्ये स्थापन झालेल्या व्हेईकल फॅक्टरीकडे आली. लष्करी ट्रकला राजस्थानच्या वाळवंटातही चालावे लागते आणि लडाखच्या थंडीतही. अशा वाहनाला थंडीत पातळ व उष्णतेत पुरेसे दाट राहणारे तेल लागते.

महाकोशल व विदर्भातील शेतीयंत्रांपुढे हिमालयाची थंडी नसते. येथे मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तो १० अंशांखालीही उतरतो. या पट्ट्यासाठी १५डब्ल्यू-४० ही श्रेणी बहुतेक डिझेल इंजिनांना पुरेशी ठरते. काही जुन्या इंजिनांसाठी उत्पादक २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० सुचवितात. तेथे तेच वापरावे.

झिजलेल्या इंजिनात अधिक दाट तेल घातल्यास धूर व तेलाचा खप काही काळ कमी होतो. परंतु त्यामुळे रिंग वा लायनरची झीज भरून निघत नाही. उलट, सकाळी इंजिन सुरू करताना दाट तेल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते आणि झीज वाढते. दाट तेल हा दुरुस्ती पुढे ढकलण्याचा मार्ग आहे, दुरुस्ती नव्हे.

दुसरी कसोटी : कार्यक्षमतेचा दर्जा

डब्यावरील दुसरा निर्देश अधिक महत्त्वाचा असूनही क्वचितच वाचला जातो. ‘एपीआय सीएच-४’, ‘सीआय-४ प्लस’, ‘सीके-४’ यांसारख्या संज्ञांतील ‘सी’ हे अक्षर डिझेल इंजिनाचे तेल सूचित करते आणि पुढील अक्षर जितके नंतरचे, तितका दर्जा नवा. सीएच-४ हा दर्जा १९९८ मध्ये, सीआय-४ हा २००२ मध्ये आणि सीके-४ हा २०१६ मध्ये प्रचारात आला. सीआय-४ हा एक्झॉस्ट वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरविणाऱ्या रचनेसाठी विकसित झाला. अशा इंजिनांत तेलात काजळी व आम्ल अधिक येते. श्यानता एकच असलेल्या दोन डब्यांतील तेलांचा दर्जा सर्वस्वी भिन्न असू शकतो. केवळ ‘पंधरा-चाळीस द्या’ एवढे सांगून तेल घेणे म्हणूनच अपुरे ठरते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानके लागू झाली आणि डिझेलमधील गंधकाची कमाल मर्यादा बीएस-४ मधील ५० वरून १० भाग प्रति दशलक्ष झाली. बीएस-६ ट्रकच्या धुराच्या मार्गात काजळी अडविणारी गाळणी असते. गाळणीत साचलेली काजळी उच्च तापमानाला जाळून टाकता येते. तेलातील धातुयुक्त रसायनांची राख मात्र जळत नाही. ती साचत जाते आणि गाळणी तुंबते. यासाठी अशा इंजिनांना कमी राख देणारे, म्हणजे सीके-४ किंवा पुस्तिकेत नमूद केलेल्या विशिष्ट दर्जाचे तेलच द्यावे लागते. जुन्या ट्रकसाठी आणलेले उरलेसुरले तेल नव्या ट्रकमध्ये ओतणे ही छोटी बचत महागड्या गाळणीच्या मुळावर येते. ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून ‘ट्रेम-४’ मानके लागू झाल्याने ही दक्षता आता शेतापर्यंत आली आहे.

जुन्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत सीएफ-४ दर्जा नमूद असल्यास त्याच श्यानतेचे सीएच-४ किंवा सीआय-४ तेल सामान्यतः वापरता येते. मात्र ‘एफए-४’ हा दर्जा केवळ विशिष्ट नव्या इंजिनांसाठी असून तो जुन्या इंजिनांत वापरू नये. तसेच ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्स, हायड्रॉलिक व तेलातील ब्रेकसाठीचे तेल वेगळे असते. तेथे इंजिन तेल घालू नये.

तिसरी कसोटी : कामाचे तास

ट्रकचे तेल किलोमीटरवर, तर ट्रॅक्टर व हार्वेस्टरचे तासांवर बदलले जाते. अनेक ट्रॅक्टरांच्या पुस्तिकांत पहिली बदली सुमारे ५० तासांनी व पुढील दर २५० तासांनी सांगितलेली असते. वर्षभर अधूनमधून चालणाऱ्या ट्रॅक्टरला २५० तास गाठण्यास अनेक महिने लागतात. हाच कालावधी असलेले हार्वेस्टर रोज १२ तास चालल्यास २१ दिवसांतच ही मर्यादा गाठते. ‘हंगामाला एकदा’ हा प्रघात म्हणूनच हार्वेस्टरला लागू पडत नाही. मंडीच्या रांगेत इंजिन सुरू ठेवून उभ्या असलेल्या ट्रकचे किलोमीटर वाढत नाहीत, तेल मात्र खर्ची पडत असते.

धूळ हा शेतीयंत्रांचा विशेष शत्रू आहे. भुशाने रेडिएटर झाकला गेल्यास तेलाचे तापमान वाढते. हवेच्या फिल्टरनंतरच्या नळीला तडा असल्यास वाळूचे सूक्ष्म कण थेट सिलिंडरमध्ये जातात. अशा वेळी उत्तमातील उत्तम तेलही इंजिन वाचवू शकत नाही.

नवा ट्रॅक्टर घेताना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेचा चाचणी अहवाल पाहावा. त्यात उच्च तापमानातील चाचणीत तेल किती तापले व किती खपले, याची नोंद असते. उष्ण प्रदेशातील शेतकऱ्याने अश्वशक्तीच्या आकड्याइतकेच या नोंदीकडे लक्ष द्यावे.

खरेदी व तपासणी

१. पुस्तिकेतील श्यानता व दर्जा हे दोन्ही निर्देश लिहून घेऊन दुकानात जावे.
२. सीलबंद डबा, उत्पादनाचा महिना व बॅच क्रमांक पाहावा, पावती घ्यावी. सुटे तेल घेऊ नये. रिकामा डबा बनावट भरणासाठी वापरला जाऊ नये म्हणून त्यास छिद्र पाडूनच भंगारात द्यावा.
३. यंत्र सपाट जागी उभे करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. पातळी आपोआप वाढली असून तेलास डिझेलचा वास येत असल्यास इंधन मिसळत आहे, असे समजावे. तेल दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे. दोन्ही स्थितींत यंत्र चालवू नये.
४. तेल कोमट असताना काढावे, म्हणजे गाळ सोबत निघतो. प्रत्येक बदलीत तेलाचा फिल्टरही बदलावा.

काढलेले तेल : पिकाचे औषध नव्हे

काढलेल्या काळ्या तेलाचा प्रश्न यंत्रशाळेतून थेट बागेत येतो. आंबा, संत्रा व शोभेच्या झाडांच्या बुंध्यांना वाळवी लागू नये म्हणून हे तेल फासण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. कीटकशास्त्राच्या दृष्टीने ती निरर्थक आणि झाडाच्या दृष्टीने घातक आहे. बुंध्यावर दिसणाऱ्या वाळव्या या केवळ कामकरी असतात. अंडी घालणारी राणी जमिनीखालील वारुळात सुरक्षित राहते. तेलाने एक वाट बंद होते, वसाहत तशीच राहते व कामकरी दुसरी वाट शोधतात. दरम्यान सालीवरील श्वसनरंध्रे तेलाने बुजतात, कोवळी साल भाजते. ज्वलनातून तेलात आलेली बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन संयुगे आणि इंजिनाच्या झिजेतून आलेले धातूंचे अंश मुळांजवळच्या मातीत साचतात. यांतील काही संयुगे कर्करोगकारक आहेत. उघड्या हाताने हे तेल फासणाऱ्या मजुरालाही हा धोका असतो.

फळबागांत खवले किडींसाठी खनिज तेलाची फवारणी केली जाते, असा युक्तिवाद काही वेळा ऐकू येतो. परंतु ती तेले पानांना इजा करणारे घटक काढून टाकण्याइतकी शुद्ध केलेली असतात. इंजिन तेलाचा, विशेषतः वापरलेल्या तेलाचा, त्यांच्याशी केवळ नावाचा संबंध आहे. वाळवीच्या बंदोबस्तासाठी अर्धवट कुजलेले शेणखत टाळणे, बागेतील वाळकी लाकडे व अवशेष हलविणे, बुंध्यावरील मातीचे पापुद्रे खरवडून काढणे आणि गरज भासल्यास कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याने त्या पिकासाठी शिफारस असलेले कीटकनाशक वापरणे, हा मार्ग योग्य आहे.

वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांच्या कक्षेत येते. २०२३ च्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची विस्तारित जबाबदारी तेलाच्या उत्पादकांवरही आली आहे. शुद्ध करून हे तेल पुन्हा वंगण म्हणून वापरता येते. म्हणून ते स्वच्छ, झाकणबंद डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. त्यासाठी कीटकनाशकाचे रिकामे डबे वापरू नयेत व तेलाच्या डब्यात फवारणीचे द्रावण तयार करू नये.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांत प्रत्येक यंत्रावर एक पत्रक चिकटवावे : तेलाची श्यानता, दर्जा, मागील बदलीची तारीख, त्या वेळचे तास आणि पुढील बदलीचे तास. चालक बदलला तरी माहिती बदलत नाही. रब्बी काढणीपूर्वी, फेब्रुवारीच्या अखेरीस, गावपातळीवर एक तपासणी दिवस ठेवून डिपस्टिक, हवेचा फिल्टर व रेडिएटर पाहिल्यास आणि त्याच दिवशी वापरलेले तेल एकत्र गोळा केल्यास यंत्र व जमीन या दोहोंचे रक्षण एकाच प्रयत्नात साधेल.