मोटारसायकलचे ब्रेक शू : ओरिजिनल घ्यावेत की बाजारातील?

जळगाव व धुळे जिल्ह्यांत मोटारसायकल हे आता शेतीचेच एक साधन झाले आहे. पहाटे दुधाच्या कॅना डेअरीवर पोचविणे, खताची गोणी आणणे, चाऱ्याचा भारा वाहणे, केळीचा भाव पाहण्यासाठी सावदा-रावेरकडे जाणे, ही सर्व कामे तिच्यावरच होतात. कपाशीचे बियाणे घेताना आपण पिशवीवरील लेबल व लॉट नंबर पाहतो आणि पक्की पावती मागतो. परंतु ब्रेक शू बदलताना मात्र 'स्वस्तातला कोणताही टाका' असे मिस्त्रीला सांगून मोकळे होतो. बोगस बियाण्याने एक हंगाम जातो. बोगस ब्रेकने जीव जाऊ शकतो. म्हणून याबाबत थोडी माहिती असणे आवश्यक आहे.

ब्रेकवर भार किती पडतो?

ड्रम ब्रेकमध्ये अर्धचंद्राच्या आकाराचे दोन शू असतात. त्यांवरील लायनर फिरत्या ड्रमला आतून घासते व गाडीच्या वेगाचे उष्णतेत रूपांतर होते. डिस्क ब्रेकमध्ये हेच काम दोन पॅड करतात. गाडी ११० किलोची व चालक ६५ किलोचा धरल्यास एकूण वजन १७५ किलो होते. दुधाने भरलेल्या ४० लिटरच्या दोन कॅना लावल्या की त्यात सुमारे १०० किलोची भर पडते. म्हणजे त्याच वेगाने जाताना ब्रेकमध्ये निर्माण होणारी उष्णता दीडपटीहून अधिक होते.

ताशी ५० कि.मी. वेग असताना चांगल्या ब्रेकने गाडी १६ मीटरमध्ये थांबत असेल, तर पकड एक तृतीयांशाने कमी झाल्यास तीच गाडी २४ मीटरवर थांबते. समोर बैलगाडी किंवा रस्ता ओलांडणारे मूल असेल तर हे आठ मीटर फार महत्त्वाचे ठरतात.

हलके लायनर थंड असताना बरे चालते. तापल्यावर मात्र त्यातील चिकटद्रव्य नरम पडते व ब्रेक दाबूनही गाडी पुढे सरकत राहते. म्हणूनच असा माल गावातल्या फेरीत उघडा पडत नाही. तो कन्नडहून चाळीसगावकडे घाट उतरताना किंवा धुळ्याजवळील लळिंग घाटात उघडा पडतो.

बाजारात कोणते प्रकार मिळतात?

१) वाहन कंपनीच्या वेष्टनातील ओरिजिनल शू : माप व लायनरचा प्रकार त्या गाडीसाठी ठरविलेला असतो. किंमत थोडी जास्त असते.

२) सुटे भाग बनविणाऱ्या नामांकित कारखान्यांचे शू : वाहन कंपन्या बहुधा ब्रेक शू स्वतः तयार करीत नाहीत, इतर कारखान्यांकडून घेतात. उदाहरणार्थ, एएसके ऑटोमोटिव्ह हा कारखाना वाहन कंपन्यांना ब्रेक शू पुरवितो व स्वतःच्या नावानेही बाजारात विकतो. (येथे नाव केवळ उदाहरणादाखल दिले आहे, शिफारस म्हणून नाही.) आपल्या गाडीच्या मॉडेलसाठीच असलेला असा शू वापरण्यास हरकत नाही.

३) बिनानावाचे किंवा नक्कल केलेले शू : ओरिजिनलसारखे वेष्टन असते, पण आतील माल कोणाचा हे कळत नाही. हे टाळावेत.

४) जुन्या शूवर चिकटविलेले लायनर : चिकटविण्याचे काम योग्य दाबाखाली व तापमानात झालेले नसल्यास लायनर सुटून ड्रममध्ये अडकते व चाक जागीच जाम होते. हेही टाळावेत.

यावरून लक्षात येईल की खरा प्रश्न ओरिजिनल की बाजारातील हा नसून, मालाची जबाबदारी घेणारा कोणी आहे की नाही, हा आहे. ड्रम ब्रेकच्या चांगल्या व हलक्या शूच्या किमतीतील फरक साधारणपणे युरियाच्या एका गोणीपेक्षाही कमी असतो.

खरेदी करताना काय पाहावे?

• वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असावी. वेष्टनबंद मालावर हा मजकूर असणे कायद्याने बंधनकारक आहे.
• छपाई पुसट, शब्दांत चुका किंवा किमतीवर दुसरी चिठ्ठी चिकटविलेली असल्यास घेऊ नये.
• लायनर सर्वत्र सारख्या जाडीचे असावे. कडेला भेग, पोकळी किंवा सुटलेला भाग नसावा.
• जुना शू सोबत नेऊन माप जुळवावे. 'थोडे घासून बसेल' असे सांगितल्यास तो शू घेऊ नये.
• पक्के बिल घ्यावे व वेष्टन जपून ठेवावे. माल सदोष निघाल्यास तक्रारीसाठी हाच पुरावा असतो.

बसविताना घ्यावयाची काळजी

दोन्ही शू किंवा दोन्ही पॅड एकाच वेळी बदलावेत. ड्रममधील भुकटी तोंडाने अथवा हवेच्या नळीने फुंकू नये; काही लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते व ते फुफ्फुसास घातक आहे. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे. शू फिरविणाऱ्या कॅमला अगदी थोडे ग्रीस लावावे, परंतु लायनरला तेलाचा हातही लागू देऊ नये. ब्रेक वाजतो म्हणून लायनरवर तेल सोडणे म्हणजे ब्रेक काढून टाकण्यासारखेच आहे. ड्रममध्ये खोल चरे पडले असल्यास किंवा तो मर्यादेपलीकडे झिजला असल्यास नवीन शूचाही उपयोग होत नाही.

नवीन शू ड्रमशी पूर्ण जुळण्यास वेळ लागतो. पहिले दोन-तीनशे कि.मी. जादा ओझे लादू नये, घाटात जाऊ नये व ब्रेक हळूहळू दाबावा.

झीज कशी ओळखावी?

बऱ्याच गाड्यांत मागील ब्रेकच्या भुजेवर बाण व झाकणावर खूण असते. ब्रेक पूर्ण दाबल्यावर बाण खुणेपर्यंत पोचला की शू बदलावेत; नट आवळून दिवस ढकलू नयेत. डिस्कच्या पॅडवरील खाच दिसेनाशी होण्यापूर्वी पॅड बदलावेत. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या नवीन लहान गाड्यांत मागचा ब्रेक दाबताच पुढचाही लागतो (एबीएस असलेल्या गाड्या वगळून). अशा गाडीत दोन्ही ब्रेक पुस्तिकेप्रमाणे जुळवून घ्यावेत.

खान्देशात काळ्या मातीची धूळ ड्रममध्ये साचते. म्हणून कपाशीची वेचणी आटोपल्यावर व पावसाळा संपल्यावर ड्रम उघडून साफ करून घ्यावा. नाल्याच्या पाण्यातून गाडी गेल्यास थोडे अंतर हळू चालवून, ब्रेक हलकेच दाबून तो सुकवावा.

घाट उतरताना

पेट्रोल वाचविण्यासाठी इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नये. ज्या गिअरमध्ये घाट चढतो, त्याच गिअरमध्ये उतरावा. म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवते. ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा दाबावा व सोडावा. जळका वास आल्यास किंवा ब्रेक मऊ लागल्यास बाजूला थांबून ड्रम थंड होऊ द्यावा. त्यावर पाणी ओतू नये.

थोडक्यात, ब्रेक शू बियाण्याप्रमाणेच घ्यावेत : नाव पाहून, वेष्टन तपासून व पावती घेऊन. दुधाच्या कॅनांसोबत गाडीवर घरचा कर्ता माणूसही असतो, याची आठवण ठेवावी.